तीन म्हशी, एक किल्ली

सोम. ३ नोव्हेंबर

जुना प्रोग्राम आज उघडलाच नाही. पांढरी पाटी आली, तिच्यावर इंग्रजीत एक ओळ आणि खाली 'ओके'. ओके दाबण्यावाचून दुसरं काही ठेवलेलंच नव्हतं. दाबलं.

माहिती आता ऑफिसच्या कपाटातल्या मशीनवर नाही. दिवाळीच्या सुट्टीत ती पुण्याच्या सर्व्हरवर गेली. दूध संघाच्या सभासदांच्या सगळ्या म्हशी: कानातल्या बिल्ल्याचा नंबर, आई, बाप, आईचा बाप, कधी भरवली, कधी व्याली. म्हशी आपापल्या गोठ्यात आहेत, त्यांची घराणी तेवढी पुण्याला राहायला गेली.

सकाळपासून फोन. गावोगावचे, म्हशी भरवणारे रेतन सेवक बिल्ल्याचा नंबर सांगतात, आम्ही बाप बघून सांगतो की अमक्या रेड्याची कांडी, म्हणजे गोठवलेल्या वीर्याची नळी, वापरू नका. बापाची लेकीला जायला नको, एवढंच आमच्या टेबलाचं काम. आज कुणालाच सांगता आलं नाही. "दुपारनं करा" म्हणालो. माजावर आलेली म्हैस दुपारची वाट बघत नाही.

साहेबांनी आत बोलावलं. "गावडे, पुण्याची माहिती इथल्या कॉम्प्युटरवर उघडायची, शोधायची, दुरुस्त करायची, तर सॉफ्टवेअर लागतंय. बाजारात ढीगभर हायेत म्हणे. तुम्ही निवडा. वैशाली आन् तानाजीला तयार करा. मग तुमची ऑर्डर."

ऑर्डर म्हणजे चंदगडच्या शीतकरण केंद्रावर बदली. आमच्या गावापासून सायकलवर जाता येतं. जागा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माझ्यासाठी ठेवणार, नंतर दुसरा माणूस. लग्न झाल्यापासून शनिवारी जायचं आणि सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत यायचं. मुलं मोठी होऊन पुण्याला गेली तरी माझं हेच. सुनंदाला फोन केला. ती म्हणाली, "ऑर्डर हातात आली की सांगा. तवर नको."


मंगळ. ४ नोव्हेंबर

तीन उतरवून घेतली. नावं इंग्रजी, जिभेवर बसत नाहीत, म्हणून माझ्यापुरती ठेवली.

भुरी: फुकट. अंगानं मोठी. कुठल्याही जातीची माहिती उघडते म्हणतात. उघडायला वेळ लावते.

तांबडी: विकतची, दर वर्षाला, दर माणशी. देखणी. बदल केला तर लगेच पुण्याला पाठवत नाही, धरून ठेवते आणि विचारते.

काळी: फुकट, लहान, चपळ. तानाजीच्या जुन्या मशीनवरसुद्धा पळते. सांगितलं की करते. विचारत नाही.

संध्याकाळी वडिलांना, आबांना, फोनवर सांगत होतो, त्यांना काय कळणार म्हणून थोडक्यात. ते म्हणाले, "बाजारात म्हैस घेताना एकाच येळची धार बघून घेत्यात व्हय रं? सांजची बघायची, रातभर तिथंच मुक्काम करायचा, सकाळची बघायची. विकणारा सांजच्याला तुंबवून आणतोय." आबा वडगावच्या बाजाराला जायचे तेव्हा खरंच मुक्काम करायचे. मी लहानपणी एकदा बरोबर होतो. थंडी आणि शेणाचा वास, एवढंच आठवतं.

प्रत्येकीची दोन्ही वेळची धार बघायची. सकाळी फोनांच्या गर्दीत एकदा, संध्याकाळी एकदा.


बुध. ५ नोव्हेंबर

त्रिपुरी पौर्णिमा. पहाटे पंचगंगेच्या घाटावर गेलो. एक पणती सोडली. काही मागायचं नाही असं ठरवून गेलो होतो, तरी तोंडातून "चंदगड" आलंच. देवाला गावाचं नाव सांगायला काय तो एसटीचा कंडक्टर आहे?

ऑफिसात भुरीची सकाळची धार. रस्ता खोदताना कुणीतरी केबल तोडली. दिवसभर पुणे लागलं नाही.


शुक्र. ७ नोव्हेंबर

भुरी. आज केबल ठीक. बिल्ला नंबर टाकून बाप शोधायला सांगितला. सापडतो, पण तोवर पलीकडचा सेवक दोनदा "हॅलो" म्हणतो. तानाजी मागं उभा राहून बघत होता. "म्हादबा, ही तुझी भुरी उठंस्तवर माझा च्या पिऊन हुतोय की."

तानाजी माझ्याच वयाचा. बिल्ल्याचा नंबर तोंडपाठ ठेवतो आणि माउसला हात लावायला घाबरतो. त्याला तयार करायचं म्हणजे...

वैशाली मात्र पटकन शिकते. कांबळ्यांची पोरगी, कंत्राटावर आहे, वर्षाला कागद नवा होतो. तिनं परवा विचारलं, "सर, हुकूम देताना 'बाप बदल' एवढंच लिहिलं तर कुणाचा बदलेल?" म्हटलं, सगळ्यांचा. म्हणून खाली दुसरी ओळ लिहायचीच: फक्त ह्या बिल्ल्याचा. ती म्हणाली, "म्हणजे दुसरी ओळ हीच खरी ओळ." मला हे असं कधी सुचलं नव्हतं.


रवि. ९ नोव्हेंबर, घरी

सुनंदानं माझ्या मागं लागून रवळनाथाला कौल लावायला नेलं. मी नको म्हणत होतो. आपल्या कामाचा भार देवाच्या अंगावर टाकायचा हे मला बरं वाटत नाही. ती म्हणाली, "तुमचं काम न्हाय विचारत मी. माझं विचारते."

गुरवानं ओली फुलं देवाच्या दोन्ही अंगांना चिकटवली आणि गाऱ्हाणं घातलं. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. आम्ही बसलो. पडेना. एक बाई आली, नारळ ठेवून गेली. कुत्रं येऊन गेलं. फूल जिथल्या तिथं.

"बसा, घाई न्हाय त्याला," गुरव म्हणाला.

उद्या सकाळीच साहेबांनी बैठक ठेवली होती, त्यामुळे मला आज संध्याकाळचीच एसटी पकडायची होती. मी उठलो. ती बसून राहिली. गाडी गडहिंग्लजला थांबली तेव्हा फोन आला. म्हणाली, "पडलं."

"कुठलं?"

"तुम्ही कायमचं आला की सांगते." आणि ठेवला.

उजवं असतं तर लगेच सांगितलं असतं. की उजवं आहे म्हणूनच, दृष्ट लागू नये म्हणून, सांगत नाही? कोल्हापूर येईपर्यंत हेच.


मंगळ. ११ नोव्हेंबर

पुण्याच्या सर्व्हरवाल्या मॅडमना फोन. आमच्या ऑफिसला एकच लॉगिन दिलंय, माझ्या नावाचं. त्यानं सगळं बघता येतं, सगळं बदलता येतं. म्हटलं, दोघांना वेगळी द्या. म्हणाल्या, साहेबांच्या सहीचं पत्र लागेल. साहेबांकडे गेलो. "आधी सॉफ्टवेअर ठरवा की हो, मग पत्र." मग शिकवू कसं? "तुमचाच पासवर्ड द्या की. घरचीच माणसं हायेत."

दिला. तिघं एकाच नावानं आत जातो. पुण्याला दिसतं की गावडे एकाच वेळी तीन मशीनवर बसलाय.


गुरु. १३ नोव्हेंबर

आज तांबडीची आणि काळीची दोन्ही वेळची धार बघून झाली. तांबडी चांगली आहे. खोटं का बोलू, मला तीच आवडली. चुकलं तर मागं फिरता येतं. पण तिघांसाठी घ्यायची म्हटल्यावर साहेबांनी आकडा ऐकला आणि पंख्याकडं बघत राहिले.

काळी. तानाजीनं पहिल्यांदा स्वतःच्या हातानं बिल्ला टाकला आणि बाप शोधला. मग उगाचच चार-पाच म्हशींचे बाप शोधले, शेवटी स्वतःच्या गोठ्यातल्या म्हशीचा. "आरं, ही तर मोठ्या घरची निघाली! आन् मी तिला रोज शिव्या घालतोय." वैशाली हसून हसून टेबलावर पडली.

काळीच घ्यावी. साहेबांना सोमवारी सांगावं. तिला विचारायची सवय नाही तेवढं एक.

आज बरं वाटतंय.


शुक्र. १४ नोव्हेंबर

लिहवत नाही, पण लिहितो.

सकाळी वैशालीनं एका म्हशीचा चुकलेला बाप दुरुस्त केला. दोन ओळी लिहिल्या, बरोबर लिहिल्या. बाप बदल, एकशे सात नंबरचा रेडा कर. फक्त ह्या बिल्ल्याचा. पण काळीची एक खोड आहे: माउसनं जेवढं रंगवाल तेवढंच ती ऐकते. वैशालीनं वरचीच ओळ रंगवली होती. दुसरी राहिली.

फोन चालूच होते. तानाजी घेत होता, मोठ्या उत्साहात. "एकशे सात सोडून कुठलीबी वापर." पुढचा. "एकशे सात सोडून कुठलीबी." पुढचा. मग फोन हातात धरून तो आमच्याकडे वळला. "आज समद्या एकशेसातच्याच लेकी माजावर आल्यात काय गं?"

वैशालीचा हात माउसवरच होता.  मी तिच्या पडद्यावर बघितलं. वरपासून खालपर्यंत बापाचा रकाना: एकशे सात, एकशे सात, एकशे सात. खाली गेलो. आणखी खाली. चंदगडच्या, हातकणंगल्याच्या, वडगावच्या, कागलच्या. जिल्ह्यातल्या सगळ्या म्हशी एका रेड्याच्या लेकी झाल्या होत्या.

मागं फिरायची सोय काळीत नाही. झालं ते पुण्यात झालं.

पुण्याच्या मॅडम म्हणाल्या, रविवारचा बॅकअप आहे, तो चढवता येईल. त्यानंतरचं सगळं परत भरावं लागेल. चढवा म्हटलं.

तानाजीनं सकाळचे फोन आठवून सेवकांना उलटे फोन लावले. "थांब, कांडी भरू नको." सगळे थांबले. एक नाही थांबला. हातकणंगल्याकडचा. त्यानं एकशे सात सोडून जी हाताला लागली ती भरून टाकली होती. बॅकअप चढल्यावर बघितलं. ती कांडी त्या रेडीच्या बापाचीच होती.


शनि. १५ नोव्हेंबर

घरी गेलो नाही. तिघं मिळून सोमवारपासूनच्या नोंदी सेवकांना विचारून परत भरतोय. वैशाली डबा न उघडता बसली होती. तानाजीनं स्वतःच्या डब्यातला झुणका तिच्या पोळीवर घातला. "खा. म्हशीचा बाप सापडला, तुझी भूक कुठं हरवली?"

सुनंदाला सांगितलं, काम आहे. कसलं, ते तिनं विचारलं नाही.


सोम. १७ नोव्हेंबर

साहेबांना पुण्याहून कळलं होतं. "कुणी केलं?"

"माझ्या नावानं झालंय."

"ते दिसतंय. कुणी केलं?"

"पासवर्ड मी दिला, साहेब."

"म्हणजे सांगणार न्हाय." ते खुर्चीत मागं रेलले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. "हे बघा गावडे. कंत्राटातल्या बाईनं केलं असंल तर तिचा कागद नवा करत न्हाय. मग तिच्या जागी माणूस मिळून तयार होईस्तवर तुम्हाला थांबायला लागतंय. आन् तुमच्या हातनं झालं असंल, तर तुमच्यासारख्याच्या हातनं हे होतंय म्हटल्यावर बाकीच्यांच्या हातात मी ते कसं देऊ? मग तर तुम्ही थांबायलाच पायजे."

दोन्ही दारं एकाच खोलीत उघडत होती.

शेवटी म्हणाले, "ती विकतची घेऊ. एकाच माणसाची. तुमच्या मशीनवर. बाकीच्यांनी हात लावायचा न्हाय. आठवड्याभरात तसं लेखी द्या."

मला आवडलेली तांबडी मिळतेय, आणि तिच्याच दाव्याला मला बांधणार.

साहेब वाईट नाहीत. त्यांच्या जागी मीही कदाचित...


मंगळ. १८ नोव्हेंबर

वैशाली जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, "सर, मी आत जाऊन सांगते. तुमची बदली माझ्यामुळं अडकायला नको."

"सांगून बदली सुटत नाही. तुझी नोकरी तेवढी जाईल."

"मग न सांगून काय सुटतंय?"

मी डब्याचं झाकण लावलं. ती पुढं म्हणाली, "तुम्ही माझ्यावर दया करू नका सर. शिकवायचं बंद करू नका, एवढंच." आणि तीच तिथं बसून दुसरी ओळ आधी लिहायची सवय लावू लागली. आधी 'फक्त ह्या बिल्ल्याचा', मग वर 'बाप बदल'. खालून वर. मी बघत बसलो.

तानाजी म्हणतो, "मी आता हातच लावत न्हाय, पाया पडतो त्या काळीच्या लांबनं."


बुध. १९ नोव्हेंबर

हातकणंगल्याकडे गेलो. सेवक बरोबर होता, मला वाटेत दोनदा म्हणाला, "सांगितलंच पायजे का? न्हाय कळणार त्यांना." जिच्या रेडीला ती कांडी गेली त्या शेवंताक्काचं घर मळ्यात. एकच रेडी, पहिलाच माज. कान हलवत उभी होती, माझ्याकडे बघत होती.

सांगितलं. आमची चूक झाली, तुमच्या रेडीला तिच्या बापाचीच कांडी गेली.

शेवंताक्का आधी हसली. "जनावराला गोत्र असतंय व्हय, पावणं?" मग माझं तोंड बघितलं आणि हसू गेलं. "काय हुतंय त्यानं?"

म्हटलं, दर वेळी होतंच असं नाही. पण वासरू अशक्त निघू शकतं, घराणं खाली जातं. डॉक्टर इंजेक्शन देऊन गाभ पाडू शकतात. किंवा थांबायचं, तीन आठवड्यांनी परत माजावर आली तर राहिलेलंच नाही असं समजायचं.

ती रेडीच्या पाठीवरनं हात फिरवत राहिली. "लहानाची मोठी केली ती तुमच्या कांडीच्या भरवशावर. गावात फिरता रेडा हुता की. फुकट." थोड्या वेळानं: "इंजेक्शन नको. थांबू. आन् तुमी परत येऊ नका तोंड पाडून. फोन करा."

चहा दिला. पूर्ण प्यालो. तो ठेवायचा अधिकार मला नव्हता.

परत येताना अंबाबाईला आत जाऊन दर्शन घेतलं. रांग मोठी होती. तिथं फक्त उभं राहणं असतं, ते आज बरं वाटलं.


शुक्र. २१ नोव्हेंबर

आबांना फोनवर सगळं सांगितलं. सुनंदाला अजून नाही. आबांनी मधे विचारलं, "तिघं एकाच नावानं आत जाता म्हंजे?"

म्हटलं, एकच किल्ली आहे आबा, तिघांत.

"आपल्या गोठ्यात म्हैस, रेडकू आन् बैल एका खुंट्याला बांधलेलं बघितलंस कधी? रेडकू दूध पिऊन टाकतंय, बैल पाय देतोय. मग काय म्हशीला दोष द्यायचा? आन् नवी म्हैस आणून त्याच खुंट्याला बांधलीस तर?"

बराच वेळ फोन कानाशी धरून होतो. आबांनी केव्हाच ठेवला होता.

तीन आठवडे मी म्हशी बघत होतो. खुंटा बघितलाच नाही. चुकीचं सॉफ्टवेअर निवडलं असं नाही. तिघांच्या हातात सगळ्याची किल्ली दिली. तानाजीला फक्त बघायचं असतं. त्याला बदलता येण्याची गरजच नव्हती. तशी किल्ली असती तर काळी, भुरी, तांबडी, कुठलीही चालली असती. पुण्याच्या दारातच अडवलं असतं.


सोम. २४ नोव्हेंबर

लेखी दिलं. काळी, तिघांच्या मशीनवर. पुण्याहून वेगवेगळी लॉगिन. तानाजी: फक्त बघणे. वैशाली: बघणे, आणि एका वेळी एकाच म्हशीची नोंद बदलणे, एकीपेक्षा जास्त असतील तर सर्व्हरनंच नाकारायचं. तशी सोय होते, मॅडमना विचारून घेतलं होतं.

आणि मी: फक्त बघणे.

ही शेवटची ओळ लिहिताना पेन थांबलं. वीस वर्षं ती माहिती माझ्या हातातून गेली. तिच्यातल्या किती म्हशी मी नावानं ओळखतो. पण सगळी दारं माझ्याच किल्लीनं उघडतात तोवर दार मीच. आणि दार कुणी बदलीवर पाठवत नाही.

साहेबांना सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. काळी फुकट आणि चूक पुण्याच्या दारातच अडणार म्हटल्यावर त्यांनी विकतचीचा हट्ट सोडला. मधेच त्यांचा फोन वाजला, कुणी मोठे असावेत, ते उभे राहून बोलू लागले. हातानं खूण केली, आणा इकडं. सही केली. माझी ओळ त्यांनी ऐकली की नाही, माहीत नाही. मी वाचली होती.


बुध. २६ नोव्हेंबर

मॅडमचा फोन. "सर, तुमचंही फक्त बघण्याचं? नक्की? नंतर तुम्हाला काहीच बदलता येणार नाही."

"नक्की."

"साहेबांना विचारू का एकदा?"

"त्यांची सही आहे. विचारायचं तर विचारा."

विचारलं नाही बहुतेक.


गुरु. २७ नोव्हेंबर

सकाळी सवयीनं एका म्हशीची व्यायची तारीख दुरुस्त करायला गेलो. लाल ओळ आली. परवानगी नाही. इंग्रजीत. आयुष्यात असल्या पुष्कळ ओळी वाचल्या, ही पहिलीच मी स्वतः मागून घेतलेली. 

वैशालीला म्हटलं, एवढी तारीख बघ. तिनं खालून वर लिहिलं. एकच नोंद बदलली. मुद्दाम तिनं दुसरी ओळ न रंगवता एकदा परत सांगून बघितलं. सर्व्हरनं नाकारलं. ती पडद्याकडे बघून म्हणाली, "आता बोल की!"

तानाजी दुपारी माझ्या खुर्चीमागं आला. "माझ्या किल्लीनं काय बिघडत न्हाय म्हणतोस?"

"काहीच नाही. भिंतीवर डोकं आपटलंस तरी."

"मग दे इकडं." आणि संध्याकाळपर्यंत सगळे फोन त्यानंच घेतले.


शनि. २९ नोव्हेंबर, घरी

सुनंदाला सगळं सांगितलं. भात झोडून झालाय, मळणीचा कोंडा अंगणात उडत होता. ती सूप हातात धरून ऐकत होती. म्हणाली, "म्हंजे आता तुमच्याकडं किल्लीच न्हाय."

"नाही."

"आन् साहेब म्हणाले किल्लीशिवाय माणूस काय कामाचा, तर?"

हा विचार मी केला नव्हता असं नाही.

"फूल कुठलं पडलं?" मी विचारलं.

ती पाखडायला लागली.


मंगळ. २ डिसेंबर

साहेबांना कळलं. एका सभासदाच्या नोंदीसाठी मला आत बोलावून म्हणाले, हे बदला. म्हटलं, मला येत नाही आता. वैशालीला सांगावं लागेल.

त्यांनी फाईल मागवली, पत्र काढलं, माझी ओळ दोनदा वाचली. "ही सही माझी?"

"हो. वाचून दाखवलं होतं."

"गावडे, तुम्ही किल्ली विहिरीत टाकली आन् माझ्याच हातनं टाकून घेतली."

मी वैशालीला हाक मारली. वैशाली आत आली, त्यांच्यासमोर नोंद बदलली, गेली. साहेब तिच्याकडे बघत होते. ती गेल्यावर म्हणाले, "हीच हुती न्हवं त्या दिवशी?"

मी पायांकडे बघितलं. त्यांनी परत विचारलं नाही. "सोमवारी बघू," म्हणाले.


शुक्र. ५ डिसेंबर

हातकणंगल्याचा सेवक: "गावडेसाहेब, शेवंताक्काची रेडी परत माजावर. राहिलं न्हाय!"

फोन तानाजीच्या हातात होता. त्यानं स्वतः बाप बघितला, आईचा बाप बघितला, मग वैशालीला दाखवला, मग मला. तिघांनी बघितल्यावर सांगितलं कुठली भरायची. मागून शेवंताक्काचा आवाज आला, "गोत्र बघून दिलं न्हवं आता?" तानाजी ओरडला, "सात पिढ्यांचं, आक्का!"

दोनच पिढ्यांचं असतं. पण मी दुरुस्त केलं नाही.

चंदगडची जागा ह्याच आठवड्यापर्यंत होती. आठवडा उद्या संपतो.


सोम. ८ डिसेंबर

रवळनाथाच्या पाया पडून पहाटेची एसटी धरली. देवळात फुलं वाळून गेलेली. गुरव झाडत होता, त्यानं माझ्याकडे बघितलं आणि झाडत राहिला. कुठलं पडलं ते त्यालाही माहीत असणार.

ऑफिसात फोन चालू. तानाजी बाप सांगतोय, वैशाली बदलतेय, मी बघतोय. एखाद्या घरी लग्न झाल्यावर पाहुणा राहून जावा तसा. एका सेवकानं मला विचारलं तेव्हा तानाजी मधेच म्हणाला, "त्यांना इचारू नकोस, ते नुसतं बघत्यात."

चहाच्या आधी शिपाई येऊन गेला. साहेबांनी बोलावलंय, लगेच. वैशालीनं मान वर केली. तानाजीनं फोनवर हात ठेवला.

दाराशी गेलो आणि तिथंच उभा राहून सुनंदाला फोन लावला.

"साहेबांनी बोलावलंय. आता तरी सांग, कुठलं पडलं?"

मागं म्हशीच्या घंटेचा आवाज येत होता. 

"तुम्ही आधी आत जाऊन या," म्हणाली.